गळाला लागला, पण घरी नेता येईल का?

मे महिन्यात न्यू जर्सीच्या रॅरिटन उपसागराच्या काठावर पहाटेपासून गळ पडलेले असतात. हडसन नदीत अंडी घालायला निघालेले आणि घालून परतणारे स्ट्राइप्ड बास या दिवसांत इथूनच जातात. रुपेरी अंग, त्यावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळे पट्टे आणि अंगलट थेट जिताड्यासारखी. एकाच्या गळाला तेहेतीस इंची मासा लागतो. बरीच ओढाताण करून तो काठावर येतो, पट्टीवर मोजला जातो आणि लगेच पाण्यात सोडला जातो. शेजाऱ्याला सव्वीस इंची मिळतो, तोही परत जातो. तिसऱ्याचा तीस इंची मात्र बर्फाच्या पेटीत जातो, आणि त्या दिवशी त्याला दुसरा ठेवता येत नाही.

बघायला आलेल्या नवख्या माणसाला लहान मासा सोडलेला कळतो. ज्याच्यासाठी पहाटे चारला उठायचे, तो सगळ्यांत मोठा मासा कशाला सोडायचा, हे काही कळत नाही.

नियमपुस्तिकेत याचे उत्तर एका ओळीत आहे : स्ट्राइप्ड बास, २८ ते ३१ इंच, दिवसाला माणशी एक. ही ओळ वरवर सरकारी लहर वाटते. प्रत्यक्षात हा मासा किती वर्षांनी वयात येतो, कुठे अंडी घालतो आणि कोणत्या साली त्याची वीण चांगली झाली, या सगळ्या हिशेबातून ते दोन आकडे आलेले आहेत. पुस्तिकेतल्या बाकीच्या ओळींचेही तसेच. म्हणून प्रत्येक माशाचा नियम वेगळा, आणि म्हणून तो दर एक-दोन वर्षांनी बदलतोही.

एडिसन, जर्सी सिटी, प्रिन्स्टन या पट्ट्यात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्यातली अनेक माणसे कोकणातून, वसई-पालघरकडून किंवा मुंबईच्या कोळीवाड्यांच्या शेजारातून गेलेली. खाडीवर गरवायला जाणे किंवा चिंबोऱ्या धरणे त्यांना नवे नाही. नवे असते ते हे, की हौसेने एक मासा धरायचा तरी सहा प्रश्नांची उत्तरे हाताशी लागतात : कोणता, केवढा, किती, कधी, कुठे आणि कशाने.

सुरुवात सोपी आहे. न्यू जर्सीत खाऱ्या पाण्यात गळ टाकायला विकतचा परवाना लागत नाही. सोळा वर्षांवरच्या माणसाने दर वर्षी सागरी नोंदवहीत नाव नोंदवायचे, तेही फुकट. गोड्या पाण्यात मात्र १६ ते ६९ या वयोगटाला परवाना विकत घ्यावा लागतो, आणि ट्राउट धरायचा तर त्यावर वेगळा स्टॅम्प. खरी गुंतागुंत सुरू होते ती मासा गळाला लागल्यावर.

एका पिढीभोवती फिरणारी पट्टी

स्ट्राइप्ड बासवरचे निर्बंध अमेरिका हा देश जन्माला येण्याच्या आधीचे आहेत. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६३९ साली कॉड आणि स्ट्राइप्ड बास शेतात खत म्हणून वापरायला बंदी घातली. इतका मासा तेव्हा होता, की लोक तो मक्याच्या मुळाशी पुरत.

विसाव्या शतकात हे वैभव ओसरले. १९७३ साली अटलांटिक किनाऱ्यावर व्यावसायिक मच्छीमारांनी जवळपास दीड कोटी पौंड स्ट्राइप्ड बास उतरवला होता. १९८३ साली तो पस्तीस लाख पौंडांवर आला. मासा मुख्यतः चेसापीक उपसागरात जन्मतो, न्यू जर्सीवरून मेनपर्यंत फिरतो आणि वाटेतल्या प्रत्येक राज्यात धरला जातो. एकट्या राज्याने शहाणपणा करून भागण्यासारखे नव्हते. किनाऱ्यावरच्या पंधरा राज्यांचा अटलांटिक मत्स्य आयोग १९४२पासून होता, पण त्याचे म्हणणे ऐकण्याची सक्ती कोणावर नव्हती. १९८४ साली अमेरिकी काँग्रेसने कायदा करून ती सक्ती आणली : जे राज्य आयोगाची योजना पाळणार नाही, तिथली स्ट्राइप्ड बासची मासेमारी केंद्र सरकार बंद करू शकेल.

मग आयोगाने जे केले ते आजही मत्स्यशास्त्रात उदाहरण म्हणून सांगितले जाते. १९८२ साली चेसापीकमध्ये वीण त्यातल्या त्यात बरी झाली होती. त्या एका सालच्या पिलांना वाचवायचे ठरले. ती पिढी जसजशी वाढेल तसतशी किमान लांबीची अटही वाढवत न्यायची, म्हणजे त्यातल्या जवळजवळ सगळ्या माद्या निदान एकदा अंडी घालेपर्यंत कायद्याच्या पट्टीत येणारच नाहीत. मेरीलँडने तर १९८५पासून पाच वर्षे हा मासा धरणेच बंद केले. १९९५ साली साठा पूर्ववत झाल्याचे जाहीर झाले.

पण गोष्ट तिथे संपली नाही. २०१९च्या पाहणीत साठा पुन्हा घसरलेला आढळला. तोवर समुद्रकिनाऱ्यावर साधारणपणे ‘२८ इंचांच्या वर काहीही, एक’ असा नियम होता, म्हणजे नेमक्या सगळ्यांत मोठ्या माद्या घरी जात होत्या. आणि या जातीत मोठी मादी म्हणजे मोठे भांडवल. साडेपाच किलोची मादी सुमारे साडेआठ लाख अंडी घालते, पंचवीस किलोची बेचाळीस लाख. म्हणून २०२० साली वरची मर्यादाही आली : २८ ते ३५ इंच. त्याहून मोठा मासा परत.

इथे नशिबाने वेगळीच खेळी केली. २०१५ साली जन्मलेली पिढी मोठी होती. सात वर्षांची होऊन ती २०२२ साली २८ इंचांच्या वर आली, म्हणजे अलगद कायद्याच्या खिडकीत शिरली. त्या वर्षी हौशी मच्छीमारांनी घरी नेलेला मासा आदल्या वर्षीच्या जवळपास दुप्पट झाला. मे २०२३मध्ये आयोगाने तातडीचा आदेश काढून वरची मर्यादा ३१ इंचांवर आणली. रॅरिटनच्या काठावर तेहेतीस इंची मासा परत जातो तो यामुळे.

याच माशाच्या बाबतीत बाकीचे प्रश्नही पाहण्याजोगे आहेत. कुठे? किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे केंद्राची हद्द लागते, आणि तिथे १९९०पासून हा मासा ठेवणे पूर्ण बंद आहे. कधी? न्यू जर्सीच्या नद्या-खाड्यांत जानेवारी-फेब्रुवारीत बंदी, आणि डेलावेअर नदीच्या विणीच्या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये. कशाने? आमिष लावायचे असेल तर गळ गोल वळणाचाच हवा. सरळ टोकाचा गळ मासा गिळतो आणि तो पोटात रुततो, गोल गळ बहुतेक वेळा ओठाच्या कोपऱ्यात बसतो. ही अट चोचल्यांची नाही. सोडलेल्या दर शंभर माशांपैकी नऊ मरतात असे आयोगाचे गणित धरते. दर वर्षी सोडले जाणारे मासे इतके असतात, की २०१७ साली एकूण मेलेल्या स्ट्राइप्ड बासपैकी ४८ टक्के हे ‘सोडून दिलेले’ होते, घरी नेलेल्यांपेक्षाही जास्त.

विक्रीचा तर प्रश्नच नाही. न्यू जर्सीत धरलेला स्ट्राइप्ड बास विकता येत नाही. राज्याच्या वाट्याला येणारा व्यावसायिक कोटा हौशी लोकांनाच वेगळ्या परवान्यावर वाटला जातो. तो परवाना असलेल्याला २४ ते २८ इंचांमधला एक जादा मासा ठेवता येतो.

एक मासा, एकच राज्य, तीन लांब्या

उन्हाळा लागला की लोक फ्लूककडे वळतात. आपल्या लेपीच्या जातकुळीतला हा चपटा मासा वाळूत अंग पुरून पडून राहतो, दोन्ही डोळे एकाच बाजूला. २०२४चा त्याचा हंगाम ४ मे ते २५ सप्टेंबर होता आणि राज्यात सर्वसाधारण नियम होता : किमान १८ इंच, माणशी तीन. डेलावेअर उपसागरात मात्र १७ इंच, माणशी तीन. आणि आयलंड बीच स्टेट पार्कच्या वाळूवर उभे राहून धरला तर १६ इंच, माणशी दोन.

यामागे हिशेब आहे. मोठे फ्लूक खोल पाण्यात असतात, बोट असलेल्याला ते गाठता येतात. वाळूवरून गळ फेकणाऱ्याला अठरा इंची क्वचितच मिळतो, त्याला रिकाम्या हाताने परतावे लागू नये म्हणून ही सवलत. पण मासा १६ इंची असेल आणि तो पार्कच्या हद्दीबाहेर धरलेला असेल, तर तीच सवलत गुन्हा ठरते.

फ्लूकच्या एका इंचावरून तर राजकारण पेटले होते. २०१७ साली आयोगाने न्यू जर्सीला किमान लांबी १९ इंच करायला सांगितले. राज्याने १८ इंचच ठेवले आणि त्याऐवजी हंगाम कमी केला. राज्याचे म्हणणे असे, की या जातीत माद्या नरांपेक्षा झपाट्याने वाढतात, त्यामुळे मोठ्या माशांत बहुतेक माद्याच असतात. किमान लांबी जितकी वाढवाल तितक्या माद्या जास्त मारल्या जातील, आणि एक ठेवण्याजोगा मासा मिळेपर्यंत सोडून दिलेल्यांतले मरणारेही वाढतील. आयोगाने न्यू जर्सीला नियमभंग करणारे राज्य ठरवले. प्रकरण केंद्रीय वाणिज्यमंत्री विल्बर रॉस यांच्याकडे गेले आणि जुलैमध्ये त्यांनी राज्याच्या बाजूने कौल दिला. आयोगाचा असा निष्कर्ष वाणिज्यमंत्र्यांनी फेटाळण्याची ती पहिलीच वेळ. आयोगाच्या दराऱ्याला यामुळे धक्का बसल्याची टीकाही बरीच झाली.

कॅलेंडर पाहून गळ

टॉटॉग हा खडकांच्या कपारीत राहणारा, शिंपल्या दातांनी फोडून खाणारा मासा. तो अतिशय सावकाश वाढतो आणि तीस वर्षांहून जास्त जगू शकतो. त्याची किमान लांबी वर्षभर १५ इंच आहे, पण संख्या महिन्यांप्रमाणे बदलते. जानेवारी-फेब्रुवारीत चार, मार्चमध्ये शून्य, एप्रिलमध्ये चार, मे ते जुलै या विणीच्या काळात पुन्हा शून्य. ऑगस्टपासून १५ नोव्हेंबरपर्यंत फक्त एक आणि १६ नोव्हेंबरपासून वर्षअखेरपर्यंत पाच. पंधरा तारखेला मासा उतरवणाऱ्याच्या पेटीत एक मासा चालतो, दुसऱ्या दिवशी पाच.

ब्लॅक सी बासचे प्रकरण आणखी निराळे. यातले बहुतेक मासे मादी म्हणून जन्मतात आणि पुढे त्यातले कित्येक नर होतात. त्यांच्यासाठीही हंगामाचे तुकडे पाडलेले असतात. जुलै-ऑगस्टमध्ये, किनाऱ्यावर गर्दी सगळ्यांत जास्त असते तेव्हा, माणशी एकच मासा ठेवू देतात. मोजतानाही खुबी आहे. या माशाच्या शेपटीच्या टोकाला एक बारीक तंतू लोंबत असतो, तो लांबीत धरायचा नाही. साडेबारा इंचांच्या मर्यादेवर आलेल्या माशाचा निकाल त्या तंतूवर लागू शकतो.

काही नावांपुढे आकडाच नसतो. एलवाइफ आणि ब्लूबॅक हे नदीत चढणारे हेरिंग पूर्वी स्ट्राइप्ड बाससाठी सर्वोत्तम आमिष मानले जात. २०१२पासून न्यू जर्सीत ते जवळ बाळगणेही बंद आहे, आमिष म्हणूनसुद्धा. सँड टायगर, सँडबार आणि डस्की या मुशींचेही तसेच. किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्याला त्या हमखास लागतात आणि लागल्या तर लगेच सोडाव्या लागतात. गोड्या पाण्यात ब्रूक ट्राउटचे पाहा. हा राज्याचा मानाचा मासा आणि तिथला एकमेव मूळचा ट्राउट. तळ्या-ओढ्यांत सरकारने सोडलेले इतर ट्राउट नेता येतात, पण राखीव क्षेत्रातला ब्रूक ट्राउट ओळखून पाण्यात सोडावाच लागतो. म्हणजे लांबीच्या आधी ओळख.

चिंबोरीचे माप

मराठी कुटुंबांना जर्सीच्या खाड्यांकडे सगळ्यांत जास्त ओढतो तो निळा खेकडा. धक्क्यावर बसून दोरीला कोंबडीचा पाय बांधायचा, खाली सोडायचा, ताण आला की हळूहळू वर घ्यायचा आणि पाण्याबाहेर येण्याआधी जाळीची पिशवी खालून घालायची. एवढ्याला परवाना लागत नाही. तळाशी सोडून ठेवायच्या तारेच्या पिंजऱ्याला मात्र लागतो, फी तीन डॉलर. तो पिंजरा बहात्तर तासांत एकदा तरी उपसलाच पाहिजे. अरुंद खाडीत लावायचा असेल तर तोंडाला आयताकृती चौकट बसवावी लागते. या दलदलीतली टेरापिन कासवे श्वास घ्यायला पाण्यावर येतात, ती आत अडकली तर बुडून मरतात. चौकटीतून खेकडा जातो, कासव जात नाही.

खेकडा मोजायचा तो आडवा, कवचाच्या दोन्ही बाजूंच्या शेवटच्या काट्यांच्या टोकांपर्यंत. टणक कवचाचा असेल तर साडेचार इंच, नुकतीच कात टाकलेला मऊ असेल तर साडेतीन. त्यानंतर तो उलटा करून पाहायचा. पोटावरची झाकणी अरुंद आणि लांबट असेल तर नर, रुंद आणि गोलसर असेल तर पूर्ण वाढलेली मादी. झाकणीखाली अंड्यांचा नारिंगी किंवा तपकिरी लगदा बाहेर दिसत असेल, तर माप कितीही असो, ती पाण्यात परत. दिवसाला माणशी एक बुशेल, म्हणजे साधारण पस्तीस लिटरची टोपली, आणि विकायचे नाही.

एका ठिकाणी मात्र टोपली रिकामीच ठेवावी लागते. जर्सी सिटीला लागून असलेल्या न्यूअर्क उपसागरात आणि त्याला मिळणाऱ्या नद्यांच्या खालच्या पट्ट्यात निळे खेकडे धरायला आणि खायला बंदी आहे. व्हिएतनाम युद्धात वापरलेल्या एजंट ऑरेंजमधले रसायन न्यूअर्कच्या एका कारखान्यात पसेइक नदीकाठी बनत होते. त्यातले डायऑक्सिन नदीच्या गाळात बसले आणि गाळातून खेकड्यांत आले. १९८४पासून ती जागा केंद्राच्या विषारी जागांच्या यादीत आहे. शिजवल्याने हे विष जात नाही. हा नियम खेकड्यांना वाचवण्यासाठी नाही, खाणाऱ्यांना वाचवण्यासाठी आहे.

इकडची पट्टी, तिकडची पट्टी

महाराष्ट्रात असे नियम नाहीत असे मुळीच नाही. १९८१चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो, कारण तो अनेक माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेल्या दर्याचाही. २०२३ साली पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला, आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी किमान लांबी ठरली : पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. पापलेटची पिले बाजारात येऊ नयेत म्हणून सातपाटीचे मच्छीमार त्याआधीपासून आवाज उठवत होते.

फरक रोखात आहे. महाराष्ट्रातले हे नियम जाळे लावणाऱ्याला आणि बाजाराला उद्देशून आहेत. डोलीत किंवा ट्रॉलच्या जाळ्यात आलेले लहान पापलेट वर ओढेपर्यंत बहुतेक मेलेलेच असते, त्यामुळे तिथे जाळ्याचा आस महत्त्वाचा. गळाने धरलेला मासा जिवंत परत सोडता येतो. म्हणूनच न्यू जर्सीत एक-एक मासा मोजून ‘हा ठेव, तो सोड’ असे सांगणे शक्य होते. शिवाय तिथे स्ट्राइप्ड बाससारख्या माशाच्या बाबतीत हौशी माणूसच सगळ्यांत मोठा वाटेकरी आहे. त्याला वगळून साठ्याचा हिशेब लागतच नाही.

नियम पाळला जातो की नाही हे पाहायला न्यू जर्सीचे संवर्धन अधिकारी धक्क्यांवर आणि बोटींवर फिरतात. ते पेटी उघडून मासा मोजतात. म्हणून ज्या जातींना लांबीची अट आहे त्यांचे समुद्रातच तुकडे करायला, खास परवाना असलेल्या बोटी सोडल्या, तर मनाई आहे. डोके-शेपूट नसलेला मासा मोजणार कसा? त्यामुळे बोटीवरच मासा साफ करायची सवय तिथे अंगाशी येऊ शकते. किनाऱ्याला लागेपर्यंत मासा अख्खा ठेवणे सगळ्यांत सुरक्षित.

स्ट्राइप्ड बासचा साठा पूर्ववत करायला आयोगाने २०२९ची मुदत ठेवली आहे. २०१५च्या पिढीतले मासे आता बहुतेक ३१ इंचांच्या पुढे गेले, म्हणजे पट्टीपासून सुटले. त्यांच्या मागून येणाऱ्यांची संख्या मात्र कमी आहे. मेरीलँड राज्य १९५४पासून दर उन्हाळ्यात चेसापीकमध्ये ठरावीक जागी जाळे ओढून त्या सालची पिले मोजते, आणि २०१९पासूनची प्रत्येक मोजणी सरासरीच्या खाली आली आहे. त्यामुळे २८ ते ३१ हे आकडेही कायमचे समजू नयेत. गेल्या वर्षीचा छापील तक्ता गाडीत पडलेला असेल तर तो तिथेच राहू द्यावा, आणि निघण्याआधी राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाचा चालू तक्ता फोनवर उघडून जात, लांबी, संख्या, तारीख आणि हद्द पाहून घ्यावी.